करवंटीतलं परकं लगीन

माशांच्या टाकीतल्या नारळाच्या करवंटीच्या तोंडाशी ती पिवळीधमक मादी दिसतेय? जेमतेम चार-पाच सेंटीमीटरचा जीव. अंगावर काळे डाग, पोटाखालच्या परांना काळी कड. अपिस्टोग्रामा या छोट्या माशाची मादी अंडी घालायला आली की हा रंग चढतो. आता ती अंग वाकवून, शेपूट थरथरवत नराला करवंटीकडे बोलावतेय. नरही पर फुलवून तिच्या मागे निघालाय.

पण नर मॅकमास्टेरी जातीचा आहे आणि मादी हॉन्गस्लोई जातीची.

दोन्ही ड्वार्फ सिक्लिड, म्हणजे सिक्लिड कुळातले बुटके मासे, दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातले. स्वीडिश मत्स्यशास्त्रज्ञ स्वेन कुलांडर यांनी १९७९ साली या जातींचं शास्त्रीय वर्णन केलं. नात्याने जवळच्या, तरी नर रंगावरून ओळखू येतात. माद्या, त्यातही दुकानातल्या बावरून फिक्या पडलेल्या माद्या, भल्याभल्यांना चकवतात.

मग नदीत यांची सरमिसळ का होत नाही? याचं एक उत्तर मादीच्या पसंतीत आहे. ब्राझीलच्या पूर्व अ‍ॅमेझॉनमधल्या अपिस्टोग्रामा काएतेई या माशावरचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. या माशाची वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी रंगरूपं आढळतात. निवडीची संधी मिळाली तेव्हा माद्यांनी आपल्याच भागातल्या नरांना पसंती दिली. इतकी चोखंदळ मादी! आपण मात्र तिला अशा टाकीत आणून सोडतो, जिथे तिच्या जातीचा एकही नर नाही. अंडी तर भरली आहेत. समोर आहे त्याच्याशी ती जोडी जमवते.

पसंतीला उजेडही लागतो. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात, शेती आणि वस्त्यांकडून येणाऱ्या पोषकद्रव्यांमुळे शेवाळ माजलं, पाणी गढूळ झालं. तिथल्या सिक्लिड माद्यांना नरांचे लाल-निळे रंग नीट दिसेनासे झाले आणि जाती एकमेकींत मिसळू लागल्या. ओले झेहाउझेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली हे दाखवून दिलं, तेव्हापासून टाकीवरच्या भडक रंगीत दिव्यांकडे मी संशयानेच बघतो.

आपल्याकडे उन्हाळ्याचीही भर पडते. १९९६ साली र‍्योमर आणि बाइझेनहेर्त्स या संशोधकांनी अपिस्टोग्रामाच्या ३७ जाती तपासल्या. त्यातल्या ३३ जातींत पिल्लं नर होणार की मादी, यावर पाण्याच्या तापमानाचा परिणाम दिसला: गरम पाण्यात नर जास्त, थंड पाण्यात माद्या जास्त. एप्रिल-मेमध्ये विदर्भातल्या घरात टाकीचं पाणी सहज ३० अंशांवर जातं. त्या पाण्यात वाढलेल्या वेतात माद्या मोजक्याच निघाल्या, तर उरलेले नर दुसऱ्या जातीच्या मादीमागे लागणारच.

आता कॅमेरा करवंटीच्या आत. छताला चिकटलेली ही लालसर अंडी. तीनेक दिवसांत ती फुटतील, पुढच्या आठवड्याभरात पिल्लं पोहू लागतील. आई परांना झटके देऊन त्यांना इशारे करेल, जवळ आलेल्या टेट्रा माशाला हुसकावेल. पिल्लं संकरित आहेत म्हणून तिच्या राखणीत तसूभर कसर राहणार नाही.

अडचण पुढे येते. जवळच्या जातींची संकरित पिल्लं बरेचदा वांझ नसतात. यातली एखादी मादी 'मॅकमास्टेरी' म्हणून कुणाकडे गेली, तिची पिल्लं आणखी कुणाकडे गेली, की चार पिढ्यांनी शुद्ध वाण शोधायचा कुठे? म्हणून हौशी मित्रांनो, ही पिल्लं खुशाल वाढवा, पण विकू नका, वाटू नका, आणि नदीनाल्यात तर मुळीच सोडू नका. एका टाकीत अपिस्टोची एकच जात ठेवा. एका नरामागे दोन-तीन माद्या, प्रत्येकीला वेगळी करवंटी. आणि मादी विकत घेताना ती तिच्याच जातीच्या नरांसोबत वाढलेली आहे ना, हे विचारल्याशिवाय पिशवी हातात घेऊ नका.