शंभर ट्रॅक आणि एक डिस्क

[पडद्यावर: मिक्सिंग सॉफ्टवेअरमधला मोठा प्रोजेक्ट, एकाखाली एक ध्वनितरंगांच्या पट्ट्या]

शंभर ट्रॅकचा, म्हणजे वेगवेगळे मुद्रित केलेल्या शंभर आवाजांचा, संगीताचा प्रोजेक्ट वाजता वाजता अचानक थांबतो आणि डिस्कवरून माहिती वेळेत मिळाली नाही असा संदेश येतो, तेव्हा बहुतेक जण डिस्कच्या वेगाला दोष देतात. हिशेब मात्र निराळे सांगतो. 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या एका मोनो ट्रॅकला सेकंदाला 144 किलोबाइट लागतात, म्हणजे शंभर ट्रॅकना साडेचौदा मेगाबाइटसुद्धा लागत नाहीत. साधी हार्ड डिस्कही एखादी मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला 100 मेगाबाइटचा टप्पा सहज ओलांडते.

[पडद्यावर: उघडलेली हार्ड डिस्क, तबकडीवरून सरकणारे हेड]

अडचण अशी की शंभर ट्रॅक म्हणजे शंभर निरनिराळ्या फाइली असतात आणि त्या तबकडीवर निरनिराळ्या जागी पसरलेल्या असतात. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा 8.3 मिलिसेकंदांत पूर्ण होतो. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे माहिती वाचणाऱ्या टोकाखाली, येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते आणि त्याआधी हेड सरकण्यात आठ-नऊ मिलिसेकंद जातात. अशा एका खेपेला साधारण तेरा मिलिसेकंद लागत असल्यामुळे सेकंदाला जेमतेम पंचाहत्तर ते ऐंशी खेपा होतात. सॉफ्टवेअर प्रत्येक ट्रॅकसाठी एका खेपेत 64 किलोबाइट वाचत असेल, तर तेवढी माहिती अर्ध्या सेकंदाच्या आत वाजून संपते आणि शंभर ट्रॅकसाठी सेकंदाला दोनशेहून अधिक खेपा कराव्या लागतात, ज्या या डिस्कला शक्यच नाहीत. तीच खेप 1 मेगाबाइटची केली, तर एका ट्रॅकची सात सेकंदांची सोय होते आणि सेकंदाला चौदा खेपा पुरतात.

म्हणून सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डिस्क बफर किंवा डिस्क कॅश या नावाने आगाऊ वाचून मेमरीत ठेवायच्या माहितीचे जे प्रमाण असते, ते वाढवून पाहणे हा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय आहे. त्यासाठी थोडी मेमरी द्यावी लागते आणि प्लेहेड (वाजण्याची जागा दाखवणारी रेघ) दुसरीकडे नेल्यावर वाजायला किंचित उशीर होऊ शकतो. परंतु शंभर मोनो ट्रॅकचा दहा सेकंदांचा साठा 200 मेगाबाइटच्या आत बसतो, तेव्हा हा सौदा महाग म्हणता येणार नाही.

येथे एक गल्लत नेहमी होते. साउंड कार्डचा बफर आणि डिस्कचा बफर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला वाढवल्याने प्रोसेसरला सवड मिळते, पण डिस्कच्या खेपा कमी होत नाहीत. दोष नक्की कोणाचा हे ठरवण्यासाठी सगळे प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-प्रोग्रॅम) तात्पुरते बंद करून तोच भाग वाजवावा: अडखळणे थांबले तर संशय प्रोसेसरवर जातो, आणि तरीही ते चालूच राहिले तर डिस्कवर. आणखी एक खूण पाहण्यासारखी आहे. पहिल्यांदा अडखळलेला भाग लगेच पुन्हा वाजवल्यावर सुरळीत वाजला, तर ऑपरेटिंग सिस्टिमने तो आता मेमरीत ठेवला आहे आणि पहिल्या वेळी डिस्कच मागे पडली होती, असे मानायला भक्कम आधार मिळतो.

[पडद्यावर: डिस्कच्या कामाचे आलेख]

लिनक्समध्ये आयओस्टॅट आणि विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर ही साधने डिस्कची हालचाल दाखवतात. त्यात सेकंदाला किती मेगाबाइट वाचले जातात याकडेच सगळ्यांची नजर जाते. पाहायला हवे ते प्रत्येक मागणीला किती मिलिसेकंद थांबावे लागले, हे. दुसरे कोण डिस्क वापरत आहे तेही रिसोर्स मॉनिटरमध्ये आणि लिनक्सच्या आयओटॉपमध्ये कळते, आणि अँटिव्हायरसची तपासणी, फाइलींची अनुक्रमणिका बनवणारी सेवा किंवा प्रोजेक्टचे फोल्डर क्लाउडवर चढवणारा प्रोग्रॅम यांपैकी कोणी सापडले, तर प्रोजेक्टचे फोल्डर त्यातून वगळावे. वाद्यांच्या सॅम्पल लायब्ररी (आधी मुद्रित केलेल्या सुरांचे संग्रह) वाजतानाच डिस्कवरून वाचल्या जात असतील, तर त्या ट्रॅकच्या फाइलींपासून वेगळ्या डिस्कवर असाव्यात.

गायनाचा एकच ट्रॅक अनेक टेकमधले (त्याच गाण्याच्या वेगवेगळ्या मुद्रणांतले) शेकडो तुकडे जोडून केलेला असेल, तर ट्रॅक एक दिसला तरी खेपा अनेक होतात आणि प्रत्येक क्रॉसफेडच्या, म्हणजे एक तुकडा हळूहळू दुसऱ्यात मिसळण्याच्या, जागी दोन फाइली एकाच वेळी वाचाव्या लागतात. संपादन पक्के झाल्यावर मूळ तुकडे जपून ठेवून असा ट्रॅक एका सलग फाइलीत रेंडर करावा.

तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या एसएसडीमध्ये सरकणारे हेड नसल्यामुळे खेपांचा हा हिशेबच बदलतो आणि बहुतेक तक्रारी तेथेच मिटतात. मात्र ती जवळजवळ भरलेली असली, तर दीर्घ ध्वनिमुद्रणात लिहिण्याचा वेग घसरू शकतो. आणि यूएसबी 2.0च्या पोर्टला जोडल्यास चांगली एसएसडीदेखील सेकंदाला चाळीसेक मेगाबाइटच्या पुढे जात नाही.

हे सगळे करूनही प्रोजेक्ट थांबत असेल, तर मोकळी मेमरी किती उरली आहे ते पाहावे. प्लगइन आणि सॅम्पल यांनी मेमरी भरून गेली, की ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यातला काही भाग डिस्कवर ठेवू लागते, आलेखात डिस्क सतत व्यग्र दिसते आणि नवी डिस्क आणूनही तक्रार उरते. अशा वेळी मेमरी वाढवावी, किंवा मेमरी जास्त खाणाऱ्या वाद्यांचे ट्रॅक फ्रीझ करून (तयार ध्वनिफाइलीत बदलून) त्यांचे सॅम्पल मेमरीतून उतरवावेत.