सिद्ध झालं, पण कुठपर्यंत?

[दृश्य: पूर्व भागातली गल्ली. मागांचा आवाज. लोखंडी जिना.]

सोलापूरचा पूर्व भाग. खाली यंत्रमाग, वर दहावीचा क्लास. मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून शिकवायची इथल्या सरांना सवय आहे.

[दृश्य: फळा, जवळून.]

गणित त्रिकोणमितीचं, ओळखीचं. वर्गमूळात एक अधिक साइन थीटा, भागिले एक वजा साइन थीटा. हे सेक अधिक टॅनएवढं आहे, असं सिद्ध करा. अंशाला आणि छेदाला एक अधिक साइनने गुणलं. छेदात आलं एक वजा साइन वर्ग, म्हणजे कोस वर्ग. वर्गमूळ काढलं, छेदात कोस उरला. पदं वेगळी केली. सेक अधिक टॅन. डावी बाजू बरोबर उजवी बाजू. पोरांनी वहीत खाली रेघ मारलीसुद्धा.

[दृश्य: सर कोपऱ्यात 150 लिहितात.]

सर डस्टर उचलत नाहीत. साइन 150 अंश म्हणजे अर्धा. डावीकडे दीड भागिले अर्धा, तीन, वर्गमूळ तीन. उजवीकडे सेक उणे, टॅनही उणे. बेरीज उणे वर्गमूळ तीन.

"सर, मग सगळं खोडायचं?"

खोडायचं काहीच नाही. कोस वर्गाचं वर्गमूळ म्हणजे कोसचं केवल मूल्य, उणे चिन्ह सोडून उरलेली किंमत. कोस धन असेल तिथेच ते कोसएवढं. ही एक ओळ लिहायची राहिली होती. दहावीत कोन लघुकोनच, म्हणून तिच्यावाचून कुणाचं अडत नाही.

[दृश्य: कॅल्क्युलेटरचा पडदा. एरर.]

आता साइन भागिले एक अधिक कोस, बरोबर एक वजा कोस भागिले साइन. तिरकस गुणाकार केला की दोन ओळींत सुटतं. पण शून्य अंश घाला. डावीकडे शून्य भागिले दोन, शून्य. उजवीकडे शून्य भागिले शून्य. 180 अंशांना तर दोन्ही बाजू अडकतात. म्हणजे साइन शून्य नसेल तिथेच ही समानता खरी. कोष्टकात टॅन 90 पुढे 'निश्चित करता येत नाही' असं असतं. पोरं तेही पाठ करतात, टॅन 45 एक पाठ करावं तसं!

अकरावीत कोन 90च्या पुढे जातो आणि तिथे हीच राहिलेली ओळ गुण खाते.

[दृश्य: क्लास सुटतो. जिन्यावर गर्दी.]

गृहपाठ: टॅन अधिक कॉट, बरोबर सेक गुणिले कोसेक. कोणते कोन चालणार नाहीत? जिन्यातच एकाने उत्तर दिलं, "90च्या पटीतले सगळे बाद."