मुंगी उडाली आकाशी

(दृश्य : नागपूर, महाल. देवळाच्या ओसरीत भजनी मंडळ. खंजिरीवरची बोटं जवळून.)

निवेदन :
मुं-गी-उ-डा-ली-आ-का-शी. बोटांवर मोजा, आठ अक्षरं. पुढची आठ : ति-ने-गि-ळी-ले-सू-र्या-सी. सोळा अक्षरांत सूर्य मुंगीच्या पोटात.

तेराव्या शतकातल्या मुक्ताबाईंचा हा कूट अभंग, म्हणजे कोड्यात बोलणारा. नागपुरात हिंदी भजनंही कानावर पडतात, म्हणून कबीराची उलटबांसी, म्हणजे जगाच्या रीतीच्या उलट बोलणारी रचना, इथे ओळखीची. हीसुद्धा त्याच जातीची रचना, पण कबीराच्या शंभराहून अधिक वर्षं आधीची.

गाताना हमखास होणारी चूक म्हणजे ‘आकाशी’वर लांब तान घेणं. मग ‘तिने गिळीले’ टाळांच्या गजरात बुडून जातं. खरं तर मुंगी उडण्यात नवल नाहीच. पावसाळ्याच्या तोंडाला मुंग्यांना पंख फुटतात, ते आपण दरवर्षी पाहतो. पहिला चरण डोळ्यांना पटणारा, म्हणूनच दुसऱ्याचा धक्का बसतो. टाळ तिथे हलका हवा, ‘सूर्यासी’ स्वच्छ ऐकू यायला हवं.

‘वांझे पुत्र प्रसवला.’ वंध्यापुत्र हा वेदान्तातला ठरलेला दाखला, कधीच न होणाऱ्या गोष्टीचा. मुक्ताबाई ती गोष्ट घडवूनच दाखवतात.

मग विंचू पाताळात जातो आणि पृथ्वी डोक्यावर पेलणारा शेष त्याच्या पाया पडतो. दोघेही विषारी, लहानमोठेपणा तेवढा उलटला. ‘माशी व्याली घार झाली’ इथे तर उसंतच नाही, जन्म आणि नवल दोन्ही एकाच चरणात. माशीला घार झाली की माशीचीच घार झाली? दोन्ही अर्थ लागतात, आणि ते तसेच राहू द्यावेत.

(दृश्य : गायिकेचा चेहरा. खंजिरी थांबते.)

कीर्तनात उलगडा करतात : मुंगी म्हणजे अहंकार झिजून सूक्ष्म झालेला जीव, सूर्य म्हणजे परब्रह्म. अर्थ चांगला आहे, पण तो अभंगानंतर सांगावा. आधी सांगितला की ऐकणारा मुंगी पाहतच नाही.

शेवटचा चरण : ‘देखोनि मुक्ताई हासली.’ अक्षरं नऊ. एक जास्तीचं आहे, म्हणून नवखे गायक ‘देखोनि’ घाईनं उरकतात आणि समेवर पोचताना ‘हासली’ चेपली जाते. ठेका थोडा सैल सोडावा. अख्ख्या अभंगात माणसाची दिसणारी हालचाल ही एवढीच : मुक्ताई पाहते आणि हसते.

(दृश्य : खंजिरीची पहिली थाप पुन्हा.)