तिसऱ्या ओळीपाशी

ग्रंथालय बंद व्हायला पंधरा मिनिटं उरलीत. कोपऱ्यातल्या टेबलावर एक वही उघडी आहे. तेच गणित, चौथ्यांदा. पहिल्या दोन ओळी झरझर उतरतात, तिसरीपाशी पेन्सिल अडते. तिथला कागद खोडून खोडून इतका झिजलाय, की पलीकडच्या पानावरची अक्षरं दिसू लागलीत.

हिला आपण चिकाटी म्हणतो. मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तिचे दोन धागे मांडले: वर्षानुवर्षं टिकणारी आवड आणि अडचणीतही न सोडलेले प्रयत्न. पुढे २०१७ मध्ये संशोधक मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी ८८ नमुन्यांमधली, साठ हजारांहून अधिक जणांची माहिती एकत्र तपासली. त्यात यशाशी जास्त घट्ट नातं दिसलं ते प्रयत्नांचं, एकाच आवडीला धरून राहण्याचं नव्हे. दुसऱ्या वर्षात ज्यांचा ओढा दुसऱ्याच विषयाकडे वळतो, त्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं.

पण प्रयत्न कसले? रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर पारडं फिरलं, आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. तासन्‌तास पुस्तकात डोकं घालून बसलेला विद्यार्थी सगळ्यांना दिसतो. पुस्तक मिटून स्वतःलाच प्रश्न विचारणारा मात्र रिकामा बसल्यासारखा वाटतो.

आणि एक. शिक्षण अर्ध्यावर सोडणाऱ्याबद्दल ‘चिकाटी कमी पडली’ असं किती सहज म्हटलं जातं! शिक्षणाचे अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्येच लक्ष वेधलं होतं, की विद्यार्थी टिकतो की नाही, यात अभ्यासाशी, शिक्षकांशी, सोबत्यांशी जुळलेल्या नात्याचा मोठा वाटा असतो. शंका विचारायला कुणीच नसेल, तर सगळा दोष त्या एकट्या मुलावर टाकणं अन्याय आहे.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती वही शिक्षिकेपुढे येते. बाई उत्तर सांगत नाहीत. विचारतात, “इथवर कशी आलीस, ते सांग.”

ती सांगू लागते. दुसऱ्याच ओळीवर तिचं बोट थांबतं. वजाबाकीचं चिन्ह तिथेच निसटलेलं असतं. ती वही टेबलावर टेकवते आणि उभ्याउभ्याच पेन्सिल शोधू लागते.