पहिल्या पायदानवर कोण?

नमस्कार मंडळी, काय म्हणताय? आज जरा हिट गाण्यांच्या नंबरांबद्दल बोलू.

आमच्या आबांची एक जुनी वही आहे, पाठीमागून हिशेबाची आणि पुढून बिनाका गीतमालाची, म्हणजे रेडिओवर हिंदी सिनेमाची गाणी नंबरवार लावायचा तो कार्यक्रम. दर बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन, म्हणजे श्रीलंकेचं स्टेशन, लावायचं, स्टेशन खरखर करत मध्येच पळायचं, तरी कान लावून सगळी पायदानं, म्हणजे गाण्यांचे नंबर, उतरवून घ्यायची. गंमत बघा, १९५२ साली आकाशवाणीवर सिनेमाची गाणी बंद केली ती आपल्या पुण्याच्या बाळकृष्ण केसकरांनी, मंत्री होते ते, आणि पब्लिक गेलं सरळ सिलोनकडे!

सुरुवातीला गीतमालाचे निवेदक अमीन सायानी नुसती सात गाणी लावायचे, क्रम श्रोत्यांनी ओळखायचा, बक्षीस १०० रुपये. पहिल्याच खेपेला म्हणे नऊ हजार पत्रं आली. मग पायदानं सुरू झाली ती रेकॉर्डच्या खपावरून, पण होतं काय, गाणं इतकं चालायचं की दुकानात रेकॉर्डच संपायची, आणि खप थांबला की गाणं खाली! म्हणून मग श्रोता संघांची मतं पण धरायला लागले. म्हणजे मोजायची पद्धत बदलली की नंबर बदलतो, हे तेव्हापासूनचं आहे, यूट्यूबने काही नवीन शोध लावलेला नाही.

आता १९५७ चं पान. त्या वर्षी प्यासा आला, नया दौर आला, मदर इंडिया आला. आणि वर्षाचा नंबर एक कोण? 'जरा सामने तो आओ छलिये', जनम जनम के फेरे मधलं. गाणं गोडच आहे हो, लता-रफी, राग शिवरंजनी, तक्रार नाही. पण आज दहा जणांना त्या सालातलं गाणं विचारलंत तर माझ्या मते निम्मे तरी प्यासाचंच नाव घेतील, जनम जनम के फेरे हा पिक्चर तर त्यांना आठवणारही नाही. आबांनी त्या पहिल्या नंबरासमोर पेन्सिलीने लिहिलंय, 'चूक!'

परवा भाच्याने वही बघितली, तो एका बँडचा फॅन, नवीन गाणं आलं की रात्रभर मोबाईलवर म्यूट करून चालू ठेवतो, व्ह्यूज वाढायला. आबा त्याला ओरडले, ही काय लबाडी. तो म्हणाला, आणि तुम्ही काय करायचात?

आबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "मी पाच पोस्टकार्डं टाकायचो. वेगवेगळ्या नावांनी."