मेथडचं नाव कोण ठरवतं?

[दृश्य: लासलगाव, सकाळ. बाजार समितीच्या आवारात कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग. व्यापारी एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतात.]

निवेदन: बोली सुटली की शेतकऱ्याच्या हातात सौदापट्टी पडते. मग भुईकाटा. आधी भरलेला ट्रॅक्टर, नंतर खळ्यावर कांदा उतरवून रिकामा. दोन वजनांतला फरक म्हणजे माल, आणि त्यावरून हिशोबपट्टी. एका ट्रॉलीमागे असे तीन-चार निरोप तयार होतात. कागदावर असतात तोवर माणूस पाहून ओळखतो की हा सौदा, हे वजन. संगणकाच्या रांगेत मात्र ते एकामागून एक, एकाच दारातून आत येतात. कुठल्या निरोपावर कुठला कोड चालवायचा, हे तिथे कोणीतरी ठरवावं लागतं.

[दृश्य: नाशिक, अंबड औद्योगिक वसाहत. छोटं कार्यालय, पडद्यावर जावाचा कोड.]

निवेदन: पडद्यावर दिसतोय तो याच कामाचा नमुना, अपाची कॅमलवर बांधलेला. कॅमल हे जावामधलं ओपन सोर्स फ्रेमवर्क २००७ पासून वापरात आहे. निरोप इकडून घ्यायचा, तपासायचा, तिकडे पोचवायचा, एवढंच त्याचं काम. या वाटेला रूट म्हणतात. रूटवरून फिरणारा निरोप पाकिटासारखा असतो. आतला मजकूर म्हणजे बॉडी, पाकिटावर लिहिलेल्या नोंदी म्हणजे हेडर.

हिशोबाचा खरा कोड मात्र साध्या जावा क्लासमध्ये असतो. त्या क्लासला कॅमलची काही माहिती नसते, आणि तशी ती नसावीच. आपल्या नमुन्यात 'हिशोबसेवा' नावाचं एक बीन, म्हणजे अशा क्लासचा तयार ऑब्जेक्ट, आहे. त्यात तीन मेथड, म्हणजे नाव देऊन बोलवता येणारे कोडचे तुकडे: सौदा नोंदवणारी, वजन घेणारी, पट्टी काढणारी. रूटमध्ये बीनचं नाव लिहिलं की कॅमल रजिस्ट्रीतून, म्हणजे बीनच्या यादीतून, ते शोधतं, त्याच्या पब्लिक मेथड पाहून ठेवतं आणि निरोप आला की जावाच्या रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना मेथड शोधून चालवायच्या सोयीने, त्यातली एक चालवतं. मेथडने परत दिलेली किंमत नवी बॉडी होते. मेथड व्हॉइड, म्हणजे काहीच परत न देणारी, असेल तर बॉडी जशीच्या तशी पुढे जाते.

[दृश्य: पडद्यावर बीनच्या तीन मेथड. एकेकीवर प्रकाश पडतो.]

निवेदन: तीनपैकी कुठली? कॅमलचा शोधाचा क्रम ठरलेला आहे, आणि तो पाठ असावा इतका महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा ते हेडर बघतं. 'कॅमलबीनमेथडनेम' या हेडरमध्ये जे नाव असेल ती मेथड. हेडर नसेल तर रूटमध्ये लिहिलेलं मेथडचं नाव. तेही नसेल तर '@हँडलर' ही खूण असलेली मेथड. तीही नसेल तर बॉडीचा प्रकार आणि मेथडचे पॅरामीटर, म्हणजे तिला बाहेरून द्यायच्या किमती, यांची जुळणी. एकच मेथड जुळली तर ठीक. दोन सारख्याच जुळल्या तर कॅमल अंदाज करत नाही, 'अँबिग्युअस मेथड कॉल' अशी एरर देऊन थांबतं.

इथे थांबणं चांगलंच. पैशांच्या कामात प्रोग्रॅमने अंदाजाने चुकीची मेथड चालवण्यापेक्षा अडून बसलेलं बरं.

पॅरामीटरचंही तसंच आहे. काही न सांगता पहिल्या पॅरामीटरला बॉडी मिळते. दुसऱ्याला बाजाराचा कोड हवा असेल तर त्याच्यावर '@हेडर' ही खूण आणि हेडरचं नाव लिहावं लागतं. बॉडी जेसन या मांडणीतला मजकूर असेल आणि मेथडला सौदा नावाचा ऑब्जेक्ट हवा असेल, तर बीनच्या आधी अनमार्शलची, म्हणजे मजकुराचा ऑब्जेक्ट करण्याची, पायरी लागते. ती विसरली की एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणारा टाइप कन्व्हर्टर सापडत नाही आणि दोष बीनवर ढकलला जातो.

[दृश्य: दोन निरोप शेजारी शेजारी. एकावर 'हिशोब', दुसऱ्यावर 'हिशेब'.]

निवेदन: आता हे जवळून पाहा. दोन काट्यांवरून दोन निरोप आले. 'काम' या हेडरमध्ये एकाने लिहिलंय हिशोब, दुसऱ्याने हिशेब. मराठीत दोन्ही चालतं. जावात चालत नाही. हेडरमधलं नाव सरळ मेथडचं नाव म्हणून वापरलं असेल, तर पहिल्या शेतकऱ्याची पट्टी निघते आणि दुसऱ्याच्या निरोपावर 'मेथड नॉट फाउंड' येतं. शब्दामागे एखादी मोकळी जागा राहिली तरी नाव जुळेल याचा भरवसा नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला लावणारी सेटिंग निरुपयोगी आहे. नसलेली मेथड सहाव्या वेळीही नसतेच. या एररसाठी पुनर्प्रयत्न शून्य ठेवायचे आणि निरोप वेगळ्या रांगेत काढायचा, म्हणजे माणूस तो पाहू शकेल.

उपाय छोटा आहे. मध्ये एक तक्ता ठेवायचा. डावीकडे बाहेरून येऊ शकणारे शब्द, उजवीकडे आपल्या मेथडचं नाव. हिशोब आणि हिशेब, दोघांसमोर एकच मेथड. तक्त्यात नसलेला शब्द आला की तो बीनपर्यंत जातच नाही. आपल्या कोडमध्ये तक्त्यातलं नाव 'कॅमलबीनमेथडनेम'मध्ये घालायचं, बीन बोलवायचं आणि काम झालं की तो हेडर काढून टाकायचा, म्हणजे पुढच्या बीनला तो लागू होण्याचा प्रश्न राहत नाही. निरोपाने फक्त काय घडलं ते सांगावं, मेथड आपणच निवडावी.

[दृश्य: पडद्यावर एचटीटीपी विनंती. हेडरची यादी हळूहळू वर सरकते.]

निवेदन: हा आग्रह नुसत्या शिस्तीसाठी नाही. क्रम आठवा: हेडर आधी, रूटमध्ये लिहिलेलं नाव नंतर. म्हणजे तुम्ही रूटमध्ये 'वजन' असं ठासून लिहिलं, आणि बाहेरच्या कोणी विनंतीत 'कॅमलबीनमेथडनेम' हेडर घुसवला, तर चालेल त्याचीच मेथड. कॅमलला हा धोका माहीत आहे, म्हणून बाहेरून येणारे 'कॅमल'ने सुरू होणारे हेडर ते गाळतं. पण मार्च २०२५ मध्ये या गाळणीतलं भोक जाहीर झालं. सुरक्षा-दोषांच्या यादीत सीव्हीई-२०२५-२७६३६ हा त्याचा क्रमांक. गाळणी इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिलं अक्षर कॅपिटल किंवा सगळी अक्षरं लहान, एवढंच ओळखायची. कोणी दुसरं अक्षरही कॅपिटल लिहिलं की हेडर निसटून आत. आणि आत कॅमल हेडरची नावं लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करता वाचतं, त्यामुळे तोच हेडर पुन्हा जिवंत. मेथड बदलता येत होती, ती त्याच बीनमधली. पण त्याच बीनमध्ये पट्टी रद्द करणारी मेथड असेल तर तेवढं पुरेसं आहे. दुरुस्ती ३.२२.४, ४.८.५ आणि ४.१०.२ या आवृत्त्यांत आली. त्यापेक्षा जुनी आवृत्ती इंटरनेटला थेट जोडलेली असेल तर ती आधी बदला.

आवृत्ती नवी असली तरी रूटच्या पहिल्याच ओळीत सगळे हेडर काढून टाका, फक्त 'काम' आणि 'बाजारकोड' वगळून. नको ते ओळखून काढण्यापेक्षा हवं तेवढंच ठेवणं जास्त पक्कं, कारण मग स्पेलिंगचा खेळ उरतच नाही. आणि बाहेरून पोचता येणाऱ्या बीनमध्ये रद्द करणं, दर बदलणं असल्या मेथड ठेवूच नका. त्यांचं बीन वेगळं करा.

[दृश्य: भुईकाटा. आकडे स्थिरावतात. दुसरा ट्रॅक्टर मागे उभा.]

निवेदन: दुसरी चूक शांतपणे होते, एरर न देता. कॅमल एकच बीन सगळ्या निरोपांसाठी वापरतं. नमुन्यातल्या क्लासमध्ये कोणी भरलेलं वजन क्लासच्या फील्डमध्ये, म्हणजे बीनमधल्या एकाच सामायिक जागेत, जपून ठेवलं, रिकामं वजन येईपर्यंत. पहिला ट्रॅक्टर भरलेला ५,९८० किलो, रिकामा ३,८४०. माल २१.४० क्विंटल. दर क्विंटलला १,८५० रुपये, म्हणजे ३९,५९० रुपये. पण रिकामं वजन येण्याआधी दुसरा ट्रॅक्टर काट्यावर चढला, ६,४१० किलो. फील्डमधला आकडा बदलला. आता ६,४१० मधून ३,८४० वजा होतात, माल दिसतो २५.७० क्विंटल, रक्कम ४७,५४५. एका पट्टीत ७,९५५ रुपयांची तफावत, आणि लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, सगळं सुरळीत.

एक ट्रॅक्टर एका वेळी असताना हे कधीच दिसत नाही. म्हणून चाचणी निदान दोन निरोप एकमेकांत गुंतवून करायची. वजन फील्डमध्ये ठेवायचंच नाही. ते पट्टीच्या क्रमांकासह डेटाबेसमध्ये जातं, मेथडला लागेल तेवढं पॅरामीटरमधून मिळतं. स्कोप, म्हणजे बीन किती काळ टिकवायचं ही सेटिंग, बदलून प्रत्येक निरोपाला नवं बीन देता येतं, पण मग दोन निरोपांमधलं वजन जपलंच जाणार नाही. ती सोय या दुखण्याचं औषध नाही.

[दृश्य: पडद्यावर 'टूडी' असलेली एक ओळ.]

निवेदन: बीनचंच नाव निरोपावरून ठरवायचं असेल तर 'टूडी' आहे. त्यात पत्ता चालता चालता तयार होतो. प्रत्येक वेगळ्या पत्त्यासाठी कॅमल वेगळा एंडपॉइंट, म्हणजे निरोप पोचवायचं टोक, बनवतं आणि साधारण १,००० पर्यंत जपून ठेवतं. कांदा, द्राक्ष, टोमॅटो अशी तीन बीन असतील तर काही अडचण नाही. पण पत्त्यात पट्टीचा क्रमांक गेला की प्रत्येक ट्रॉलीला नवा एंडपॉइंट तयार होतो, जुने बाहेर ढकलले जातात, आणि हंगामात सगळा वेळ त्यातच जातो. क्रमांक हेडरमध्ये किंवा बॉडीतच राहू द्यावा. तक्त्याचा नियम इथेही तोच.

[दृश्य: कार्यालय, संध्याकाळ. चाचण्यांची यादी एकेक हिरवी होते.]

निवेदन: रूट बाजारात सोडण्याआधी नमुन्यावर पाच प्रकारचे निरोप पाठवले जातात. एक नीट लिहिलेला. एक 'हिशेब' असा. एक तक्त्यात नसलेल्या कामाचा. दोन ट्रॅक्टरांची वजनं आलटून पालटून. आणि शेवटचा, ज्यात 'कॅमलबीनमेथडनेम' हेडर दोन कॅपिटल अक्षरांनी सुरू होतो. तिसरा निरोप वेगळ्या रांगेत दिसायला हवा. पाचव्यातला हेडर रूटच्या पहिल्या ओळीनंतर लॉगमध्ये दिसता कामा नये.

[दृश्य: लॉगची ओळ. हेडर दोनच: काम, बाजारकोड.]