टेपच्या आरपार : बोहेमियन ऱ्हॅप्सडीची गोष्ट

(पडदा काळा. टेपमशीनवर रीळ फिरल्याचा आवाज.)

आधी हा आवाज ऐका. स्टुडिओत रीळ फिरतं ना, त्याचा आहे. १९७५ साली गाणं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड होत नव्हतं, दोन इंच रुंद तपकिरी पट्टीवर व्हायचं, आणि त्या पट्टीवर लोखंडाच्या ऑक्साइडचा एक बारीक थर असतो, त्यात आवाज चुंबकाने उमटवलेला असतो. पट्टी मशीनच्या हेडवरून, म्हणजे आवाज उमटवणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागावरून, जितक्यांदा जाणार तितक्यांदा तो थर थोडा थोडा झिजणार. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे यानं नंतर सांगितलंय की एका गाण्याच्या वेळी पट्टी इतकी झिजली होती की उजेडासमोर धरली तर आरपार दिसायचं.

ते गाणं म्हणजे बोहेमियन ऱ्हॅप्सडी. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद.

या गाण्याचा विषय निघाला की सगळे एकच शब्द बोलतात, जिनियस. हे गाणं लिहिणारा क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी जिनियस होताच, त्यात काही वाद नाही, पण मला नेहमी वाटतं की तेवढं बोलून थांबलं की त्यामागचे कष्ट दिसतच नाहीत. हे गाणं काही एका रात्रीत सुचून झालेलं नाही. गवंडी वीट रचतो तसं एकेक आवाज रचून बांधलंय, घसे बसेपर्यंत आणि टेप झिजेपर्यंत. आज मला तेच सांगायचंय.

(पाचगणी. सकाळचं धुकं, टेबललँड.)

सुरुवात इथून करू, कारण हे आपल्या घराजवळचं आहे. फ्रेडीचं मूळ नाव फारुख बलसारा, जन्म ५ सप्टेंबर १९४६, पूर्व आफ्रिकेजवळचं झांझिबार बेट. पारशी घर, वडील बोमी, आई जेर. साधारण आठ वर्षांचा असताना त्याला बोटीनं इकडे पाठवलं, सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स बोर्डिंग शाळेत. आठ वर्षांचं पोर, आईवडील समुद्रापलीकडे! पियानोचं रीतसर शिक्षण त्याला इथे मिळालं. इथेच पोरांनी मिळून द हेक्टिक्स नावाचा बँड काढला, त्यात हा मागे बसून पियानो वाजवायचा, मुख्य गायक दुसराच मुलगा होता. पुढे १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि सगळं कुटुंब इंग्लंडला गेलं, लंडनच्या बाहेर फेल्टममध्ये.

पाचगणीनेच हे गाणं घडवलं असं मी म्हणणार नाही, ते खरं ठरणार नाही. पण गाण्याच्या मधल्या भागात जेव्हा बिस्मिल्ला हा शब्द येतो, आणि आजूबाजूला इटालियन शब्द आहेत, गॅलिलिओ आहे, फिगारो आहे, तेव्हा मला तो झांझिबार, पाचगणी आणि लंडन असा फिरलेला मुलगा आठवतोच. त्याच्या कानात हे सगळं एकत्रच होतं ना.

(हाताने लिहिलेले कागद, खाडाखोड.)

हे कागद बघा. एका विमान कंपनीच्या छापील कागदांवर त्यानं गाण्याचे खर्डे केलेत, आणि वर आधी लिहिलंय मंगोलियन ऱ्हॅप्सडी! मंगोलियन खोडून खाली बोहेमियन केलंय. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये लंडनला लिलावात हे कागद जवळपास १४ लाख पौंडांना गेले. पैसे राहू देत, ती खाडाखोड बघा. किती तरी ओळी लिहून टाकून दिल्यात.

आता गाण्याची रचना. आपल्याकडे गाणं म्हटलं की मुखडा, अंतरा, आणि अंतरा झाला की परत मुखड्यावर. ध्रुवपद डोक्यात बसतं म्हणून तर गाणं लक्षात राहतं. रॉकमध्येही तसंच, कोरस परत परत येतो. या गाण्यात कोरसच नाही. आधी नुसते आवाज, मग पियानोवर संथ कहाणी, एक मुलगा आईला काहीतरी भयंकर कबूल करतोय, मग गिटार सोलो, मग अचानक ऑपेरा, म्हणजे युरोपातल्या संगीत नाटकासारखं गाणं, मग धडाधड रॉक, आणि शेवटी सगळं शांत होऊन एक घंटा वाजते. एकदा गेलेला भाग परत येत नाही. तरी लोकांना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे, कसं काय?

प्रोड्युसर रॉय थॉमस बेकर एक किस्सा सांगायचे. फ्रेडीनं त्यांना घरी बोलावलं, पियानोवर पहिला भाग वाजवला आणि मध्येच थांबून म्हणाला, इथे ऑपेरा येणार. आणि दोघं जेवायला निघून गेले. म्हणजे याच्या डोक्यात सगळं तयार होतं, बाकीच्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

(वेल्स. शेत, जुन्या दगडी इमारती.)

ऑगस्ट १९७५, वेल्समधलं मनमथ, तिथला रॉकफील्ड स्टुडिओ. मूळची ही शेती, गाईगुरं होती, तिचाच पुढे स्टुडिओ झाला. बँडची परिस्थिती तेव्हा वाईट होती, हे नक्की लक्षात ठेवा. गाणी गाजत होती, आधीचा अल्बम चालला होता, पण खिशात पैसा नाही, जुन्या मॅनेजमेंटशी नुकतंच भांडण होऊन फारकत झालेली. हे गाणं ज्यात आहे तो नवा अल्बम, अ नाइट ॲट द ऑपेरा, पडला असता तर बँड राहिला असता की नाही शंकाच. आणि तरी हे लोक वेळ आणि पैसा असा ओततात की तोवरच्या सगळ्यात महागड्या रॉक अल्बमांत त्याची गणना होते.

आधी पियानो, बास आणि ड्रम्स घेतले, ऑपेराची जागा मोकळी सोडून. मग ऑपेरा सुरू झाला, आणि तो संपेचना.

कसं करायचे ते नीट सांगतो, कारण खरी मजा इथेच आहे. मशीन २४ ट्रॅकचं, म्हणजे पट्टीवर शेजारी शेजारी २४ वेगळे आवाज मावायचे. गाणारे तिघं, फ्रेडी, ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर, बेसिस्ट जॉन डीकन यात गायला नाही. मे खालच्या सुरात, फ्रेडी मधे, आणि टेलरचा आवाज वर कुठेही जायचा, ते सगळ्यात टिपेचे सूर त्याचेच. तिघं मिळून एक ओळ गायचे, मग तीच परत, मग तिच्यावरचा सूर, मग त्याच्यावरचा. ट्रॅक भरले की सगळं मिसळून एकदोन ट्रॅकवर उतरवायचं, बाकीचे मोकळे झाले की परत गायचं. दिवसाला दहाबारा तास हे चालायचं, आणि फक्त या मधल्या भागाला तीनेक आठवडे गेले, जो गाण्यात जेमतेम मिनिटभर आहे! फ्रेडी येऊन अजून दोनचार गॅलिलिओ वाढवायचा की मोकळी सोडलेली जागा परत अपुरी. आवाजांचे थर १८० पर्यंत गेले असं सांगतात. शंभर माणसं गातायत असं वाटतं ना, ती तीनच माणसं आहेत.

आणि प्रत्येक वेळी ती पट्टी हेडवरून जातेय, घासतेय. शेवटी उजेड आरपार.

(रेडिओ स्टुडिओ, लाल दिवा.)

गाणं झालं, आता प्रश्न लांबीचा. रेडिओवर सिंगल, म्हणजे अल्बममधून वेगळं काढलेलं एकटं गाणं, तीन, फार तर साडेतीन मिनिटांचं. रेकॉर्ड कंपनीतल्या लोकांचं म्हणणं, सहा मिनिटं कोण वाजवणार, कापा. बँड म्हणाला, कापायचं नाही. कापणार तरी कुठे सांगा, परत येणारा एकही भाग नाही, काहीही काढलं तर गोष्टच तुटते.

लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट नावाचा डीजे होता, फ्रेडीचा मित्र. त्याला एक प्रत दिली, वाजवायची नाही असं बजावून. त्यानं आधी तुकडे तुकडे ऐकवले, मग राहवलं नाही, त्या शनिवार-रविवारी १४ वेळा वाजवलं. सोमवारी लोक दुकानात हजर, आणि रेकॉर्ड अजून बाजारातच नाही. त्यानंतर लांबीबद्दल कुणी फार बोललं नाही. ३१ ऑक्टोबर १९७५ ला सिंगल आलं, अख्खं. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला रॉजर टेलरचं आपल्या गाडीवरच्या प्रेमाचं गाणं होतं, आणि नियमाप्रमाणे मागच्या बाजूच्या गाण्यालाही तेवढीच रॉयल्टी, त्यामुळे टेलरला पण चांगलेच पैसे मिळाले, आणि बँडमध्ये त्यावरून बरीच कुरबूरही झाली.

(अंधारात चार चेहरे.)

हे चार चेहरे सगळ्यांनी पाहिलेत. बँडचा दौरा सुरू होणार होता, टीव्हीवरच्या टॉप ऑफ द पॉप्स या गाण्यांच्या कार्यक्रमाला दर आठवड्याला जाता येणार नव्हतं, आणि ऑपेराचा भाग स्टेजवर ओठ हलवून करायचा म्हणजे विचित्रच दिसणार. मग १० नोव्हेंबरला एल्स्ट्री स्टुडिओत ब्रूस गावर्स या दिग्दर्शकानं साधारण चार तासांत हा व्हिडिओ शूट केला, खर्च साडेचार हजार पौंडांच्या आसपास. चेहरा मागे मागे पसरत जातो ना, तो कॅमेरा त्याच्याच मॉनिटरकडे वळवून केलाय. गाण्यासोबत व्हिडिओ हवाच ही सवय इंडस्ट्रीला लागली त्यात याचा मोठा वाटा आहे.

ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिला नंबर. खाली ओढलं कुणी, तर आबा या स्वीडिश बँडच्या मामा मिया या गाण्याने, आणि ते दोन शब्द याच गाण्यात आधीच आहेत!

लाइव्ह शोमध्ये मात्र ऑपेरा कधीच गायले नाहीत. जमणारच नव्हतं, तीन गळ्यांतून एवढे आवाज कुठून काढणार. तो भाग आला की बँड स्टेज सोडून आत जायचा, टेप लागायची, नुसते दिवे, आणि रॉकचा भाग सुरू होताना सगळे धावत बाहेर. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

२४ नोव्हेंबर १९९१ ला एड्सने फ्रेडी गेला, ४५ वर्षांचा होता. पुढच्याच महिन्यात गाणं परत काढलं, आणि परत ब्रिटनमध्ये पहिला नंबर, पाच आठवडे. त्याचे पैसे एड्सवर काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिले. तेच रेकॉर्डिंग दोन वेगवेगळ्या ख्रिसमसला पहिल्या नंबरवर, असं दुसऱ्या कुठल्याच गाण्याचं झालेलं नाही.

(लंडन, हाइड पार्क. संध्याकाळ.)

जुलै २०१७. इथे ग्रीन डे या बँडचा शो आहे, क्वीनचा नाही. ६५ हजार लोक उभे आहेत, स्टेजवर अजून कुणीच आलेलं नाही, वेळ घालवायला स्पीकरवर हे गाणं लागतं. पहिल्या ओळीपासून लोक गायला लागतात. यात कितीतरी पोरं अशी आहेत जी १९९१ नंतर जन्मलीत. पियानोचा भाग गातात, ऑपेरात आपापसात आवाज वाटून घेतात, वरचे गॅलिलिओ वेगळे, खालचे वेगळे. आणि गिटारचा सोलो येतो, त्याला शब्दच नाहीत, तर तो पण सगळे तोंडानं गातात.

(गर्दीचा आवाज वाढत जातो. पडदा काळा.)